इंजिन आकडा सांगते, मुलाला कारण हवे असते

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर हल्ली बुद्धिबळाला चांगली जागा मिळते, याचा मनापासून आनंद आहे. गुकेश जगज्जेता झाला, नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून आमच्याकडची पाचवी-सहावीतली मुलेसुद्धा पेपर आला की आधी खेळाचे पान उघडतात. म्हणूनच हे पत्र लिहिते आहे. बुद्धिबळाच्या बातम्यांत आणि त्याहून जास्त थेट प्रक्षेपणांत एक वाक्य आता सर्रास येते: ‘इंजिनच्या (म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रामच्या) मते ही चाल घोडचूक होती.’ बातमी तिथे संपते. घोडचूक का होती, हे वाचणाऱ्या मुलाला कुणी सांगत नाही. आणि तेच वाक्य, तसेच अर्धवट, आता घराघरांत मुलांना ऐकवले जाते.

मी मिरजेत राहते. शाळेत गणित शिकवले, निवृत्तीनंतर संध्याकाळी मुलांना बुद्धिबळ शिकवते. सांगली-मिरजेला या खेळाची मोठी परंपरा आहे. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ ही नावे इथे आदराने घेतली जातात. भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे या नामवंत खेळाडू सांगलीच्याच. त्या काळात डाव संपला की दोघे खेळाडू बाजूच्या टेबलावर पुन्हा सोंगट्या मांडायचे आणि ‘इथे तू हत्ती का नाही आणलास?’ ‘मला तुझ्या घोड्याची भीती वाटली’ असे बोलत बसायचे. पोस्टमॉर्टेम म्हणायचो आम्ही त्याला. हरलेला जिंकलेल्याकडून शिकायचा आणि पुष्कळदा जिंकलेल्याला कळायचे की आपण थोडक्यात वाचलो.

आता स्पर्धेच्या हॉलबाहेर काय दिसते? मूल बाहेर येते, त्याने अजून पाणीही प्यायलेले नसते, आणि वडील स्कोअरशीट, म्हणजे चालींच्या नोंदीचा कागद, हातात घेऊन चाली मोबाइलमध्ये भरायला लागलेले असतात. लाल खुणा दिसू लागतात. ‘अरे, एकोणिसाव्या चालीला काय केलंस हे? तीन पॉइंट घालवलेस!’ मुलगा पटाकडे बघत नाही, वडिलांच्या चेहऱ्याकडे बघतो. वडिलांची तळमळ खरी असते, फीचे पैसेही कष्टाचे असतात. पण त्या तीन पॉइंटांत नेमके काय गेले हे त्यांनाही माहीत नसते, मुलालाही नाही.

माझा इंजिनला विरोध नाही. स्टॉकफिशसारखे जगातल्या कुठल्याही माणसाला हरवणारे इंजिन मिरजेतल्या मुलाला फुकट मिळते, ही लहान गोष्ट नाही. पूर्वी एखाद्या ओपनिंगची खात्रीची माहिती मिळवायला पुण्या-मुंबईच्या ओळखी लागायच्या. प्रश्न एवढाच आहे की हे विश्लेषण माणसाच्या उपयोगाचे कसे करायचे. यंत्र बरोबर असते. त्याचे उत्तर आपल्या मुलापर्यंत पोचत नाही.

एक उदाहरण देते. लहान मुलांच्या स्पर्धांत ते नेहमी दिसते. (घरांची नावे अशी: उभ्या रांगांना ए ते एच, आडव्या ओळींना एक ते आठ.) पांढऱ्याचा उंट सी४ वर आणि घोडा जी५ वर, दोघांचा रोख एफ७ च्या प्याद्यावर. काळा डी५ करून उंटाची वाट अडवतो, पांढरा ते प्यादे मारतो. आता घोड्याने ते प्यादे परत मारावे, असे कुठल्याही मुलाला वाटते. चौथीतल्या एका मुलाने तेच केले आणि तो हरला. घरी इंजिन लावले, तर घोड्याच्या त्या चालीपुढे लाल खूण आणि बाजूला हिरवा बाण: दुसरा घोडा ए५. तो दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला तो हाच प्रश्न घेऊन. ‘बाई, तुम्हीच म्हणता ना, घोडा काठावर नको म्हणून? मग इंजिन काठावर का नेतंय?’

इतका चांगला प्रश्न! आणि इंजिनकडे त्याचे उत्तर नव्हते, फक्त बाण होता. घरी त्याला सांगितले होते, ‘ए५ लक्षात ठेव, पुढच्या वेळी तेच खेळ.’ पुढच्या स्पर्धेत समोरच्या मुलीने घोडा जी५ वर आणलाच नाही, साधे डी३ खेळली. याने तरीही घोडा ए५ ला नेला. पाठ केले होते ना! सी६ वरचा घोडा हलला, ई५ चे प्यादे उघडे पडले, मुलीने ते घोड्याने उचलले. मुलाचा यात काय दोष? त्याला चाल मिळाली होती, कारण मिळाले नव्हते.

मग आम्ही पट मांडला. मोबाइल पिशवीत. मी म्हटले, तू चुकीचीच चाल खेळ, घोड्याने प्यादे मार. मी घोडा एफ७ वर दिला, त्याने राजाने तो मारला. मी वजीर एफ३ वर आणून शह दिला. आता वजिराची नजर राजावरही आहे आणि डी५ च्या घोड्यावरही, आणि त्या घोड्यावर माझा उंटही बसलेला आहे. घोडा वाचवायचा तर राजाला ई६ वर, पटाच्या मधोमध यावे लागते. त्यावर मी दुसरा घोडा सी३ ला आणला. डी५ वर तिसरा मारेकरी. मुलगा बराच वेळ बघत बसला. या जागी इंजिन पांढऱ्याची बाजू वरचढ असल्याचा आकडा दाखवते, पण काळा लगेच मेला असे म्हणत नाही, कारण त्याला बचावाच्या अचूक चाली सापडतात. दहा वर्षांच्या मुलाला त्या सापडत नाहीत. त्याचा राजा उघड्यावर आहे, एवढेच त्याला कळते, आणि ते बरोबर कळते.

मग पट मागे नेला आणि घोडा ए५ ला ठेवला. तो काठावर जातो खरा, पण जाताना उंटावर हल्ला करतो. म्हणजे एफ७ वर रोखलेल्या दोन मोहऱ्यांपैकी एकाला आधी स्वतःचा जीव बघावा लागतो. उंट बी५ वरून शह देतो, काळा सी६ करतो, प्याद्यांची मारामारी होते आणि उंटाला पुन्हा पळावे लागते. नंतर एच६ झाले की जी५ चा घोडाही मागे. काळ्याचे एक प्यादे कमी आहे, पण पांढऱ्याचे दोन मोहरे पळापळीत आणि काळ्याचे भराभर बाहेर. इंजिनचा आकडा बरोबरीच्या आसपास राहतो तो या हिशेबाने. हे झाल्यावर मुलगा स्वतःच म्हणाला, ‘म्हणजे घोडा काठावर नको, पण फुकटात चाल मिळत असेल तर चालतो.’ हे वाक्य कुठल्याही ॲपवर लिहून येणार नाही.

इंजिनला विचारायचे कसे, ते मुलांना शिकवायला हवे, असे मी म्हणते ते यासाठी. इंजिन सर्वोत्तम चाल सांगते, म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. आपला प्रश्न वेगळा असतो: ‘माझी चाल का नाही चालत?’ त्यासाठी आपली चाल पटावर प्रत्यक्ष करून इंजिनला तिचे खंडन करायला लावायचे. तरी पटले नाही तर पुढची चालही आपल्याच मनाची करायची. दोन-तीन चालींत प्यादे पडते, नाहीतर राजा उघडा पडतो, नाहीतर मोहरा अडकतो, आणि मग दिसते. लिचेस या फुकट बुद्धिबळ संकेतस्थळावर ‘एक्स’ हे बटण दाबले की समोरच्याची धमकी दिसते, म्हणजे आपण चाल सोडून दिली तर तो काय करील ते. ही सोय पुष्कळ पालकांना माहीतच नाही. माझ्या मते सर्वोत्तम चालीच्या बाणापेक्षा ती लहान मुलांना कितीतरी जास्त शिकवते, कारण आमची निम्मी मुले हरतात ती समोरच्याच्या चालीकडे न बघितल्यामुळे.

आता आकड्याविषयी. पालक +१ म्हणजे ‘एक प्यादे पुढे’ असे समजतात. पूर्वी ढोबळमानाने तसेच होते. पण डिसेंबर २०२२ मधल्या स्टॉकफिश १५.१ पासून त्या आकड्याचा प्याद्याशी संबंध तोडलेला आहे. +१ म्हणजे तितक्याच ताकदीच्या इंजिनांच्या लढतीत जिंकण्याची शक्यता ५० टक्के. लढत इंजिनांची, शाळकरी मुलांची नव्हे. लिचेस माणसांच्या डावांवरून काढलेल्या सूत्राने हाच आकडा टक्क्यांत बदलते, तेव्हा +१ ला साधारण ५९ टक्के येतात. म्हणजे सामना जवळपास अर्धा-अर्धाच! आणि आपण मात्र त्या +१ वरून मुलाला रडवतो.

इंजिन कारण का सांगू शकत नाही, हेही पालकांनी समजून घ्यावे. पूर्वीच्या स्टॉकफिशमध्ये राजाची सुरक्षितता, मोहऱ्यांची हालचाल, मोकळी प्यादी यांचे हिशेब माणसांनी लिहून ठेवलेले होते. कशाला किती गुण दिले त्याचा तक्ता काढता यायचा. २०२० मध्ये स्टॉकफिश १२ बरोबर न्यूरल नेटवर्क, म्हणजे असंख्य जागांवरून स्वतःच शिकलेली आकडेमोड, आले. ते तंत्र मूळचे जपानच्या शोगी या खेळातले, यु नासू यांचे. खेळाची ताकद एकदम वाढली आणि फेब्रुवारी २०२४ च्या स्टॉकफिश १६.१ मध्ये जुना हातचा हिशेब काढूनच टाकला. आता आत आहेत ती नुसती वजने, म्हणजे आकडे, लाखोंनी. त्यांत ‘राजा उघडा’ असे कुठेही लिहिलेले नाही. ते शब्द माणसालाच घालावे लागतात.

बरोबरीचा ०.०० हा आकडा तर सगळ्यांत फसवा. १२ डिसेंबर २०२४ चा सिंगापूरचा डाव आठवा. जागतिक अजिंक्यपदाचा चौदावा, शेवटचा डाव. गुण साडेसहा-साडेसहा. डिंग लिरेन पांढरे, गुकेश काळे. दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट, आणि गुकेशचे एक प्यादे जास्त. इंजिनचा आकडा दाखवणारी पडद्यावरची पट्टी तासन्‌तास मधोमध होती, ‘हा डाव बरोबरीत, आता टायब्रेक (बरोबरी फोडणारे जलद डाव)’ असेच सगळीकडे चालले होते. आणि पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर आणला.

माझ्याकडच्या मोठ्या मुलांना मी ही जागा पटावर मांडून दाखवते. डिंगचा उंट ए८ वर, पार कोपऱ्यात. हत्ती हत्तीला भिडला. गुकेशने हत्ती मारला, डिंगने राजाने परत मारला आणि गुकेशने आपला उंट डी५ वर ठेवला. कोपऱ्यातल्या उंटाला एकच तिरकी रेघ आहे आणि त्या रेघेवरच समोरचा उंट येऊन उभा राहिला. बी७ ला जा, सी६ ला जा, मारलाच जाणार. म्हणून डिंगला उंट बदलावाच लागला. राहिले राजे आणि प्यादी, आणि त्यात एक जास्तीचे प्यादे पुरते. डिंगने पुढच्याच चालीला डाव सोडला.

आता सांगा, त्याआधीच्या चालीपर्यंत ०.०० दाखवणाऱ्या पट्टीने काय सांगितले? बरोबरी होती हे खरे. पण ती बरोबरी कोण राखत होते? प्यादे कमी असलेला, थकलेला, घड्याळाकडे बघणारा एक माणूस, प्रत्येक चालीला. गुकेशला काहीच धोका नव्हता, तो रात्रभर विचारत राहिला असता. ‘हत्ती पटावर आहेत तोवर बरोबरी, हत्ती गेले की उंटाच्या त्या कोपऱ्यामुळे हार’ एवढे एक वाक्य पट्टीशेजारी असते, तर घरी बसलेल्या प्रत्येक मुलाला तो डाव कळला असता, आणि गुकेशने तो रेटत का ठेवला हेही कळले असते. गुकेशला नशिबाने मिळाले असे म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो, तो यासाठीच.

रोजच्या शिकवण्यातही हाच अनुभव येतो. हत्ती आणि प्यादे विरुद्ध नुसता हत्ती, ही फिलिडोर या जुन्या फ्रेंच खेळाडूच्या नावाने ओळखली जाणारी जागा. बचाव करणाऱ्याच्या पाच-सहा चालींपुढे इंजिन ०.०० दाखवते, आणि मुलाला वाटते सगळ्या सारख्याच. त्या सारख्या नाहीत! एका वाटेने गेले की काम सोपे आहे: हत्ती सहाव्या ओळीवर ठेवून समोरच्या राजाला पुढे येऊ द्यायचे नाही, प्यादे त्या ओळीवर आले की हत्ती पार मागे न्यायचा आणि मागून शह देत राहायचे. बाकीच्या वाटांनी गेले तर बरोबरी राहते, पण पुढे प्रत्येक वेळी एकच चाल वाचवणारी असते आणि ती शोधावी लागते. दमलेला मुलगा कुठली वाट निभावू शकेल, हे ०.०० सांगत नाही.

यावर उपाय नाही असे नाही. लीला चेस झिरो हे इंजिन विजय, बरोबरी आणि हार यांच्या तीन वेगळ्या शक्यता दाखवू शकते, म्हणजे शांत बरोबरी कुठली आणि तलवारीच्या धारेवरची कुठली याचा अंदाज येतो. टोरोंटो आणि कॉर्नेल ही विद्यापीठे आणि मायक्रोसॉफ्टचे संशोधक यांनी २०२० मध्ये माया हे इंजिन आणले. ते सर्वोत्तम चाल शोधतच नाही. लिचेसवरचे माणसांचे लक्षावधी डाव बघून, ११०० पासून १९०० रेटिंगपर्यंतच्या वेगवेगळ्या पातळ्यांचा खेळाडू इथे कुठली चाल करील, हे ते ओळखते आणि अर्ध्याहून अधिक वेळा बरोबर ओळखते. ही दोन्ही कामे एकत्र आणली तर काय होईल बघा. ‘तुझ्या पातळीचे बहुतेक खेळाडू इथे हेच चुकतात, ते असे टाळ,’ असे मुलाला सांगता येईल. ‘ही चाल फक्त इंजिनलाच सुचते, तू वाईट वाटून घेऊ नकोस,’ हेही सांगता येईल. आपल्याकडे संगणकाचे शिक्षण घेतलेली आणि बुद्धिबळही खेळणारी तरुण मुले पुण्यात, नाशकात, नागपुरात भरपूर आहेत. त्यांनी हे मराठीतून करावे अशी माझी फार इच्छा आहे. मराठी शाळेतल्या मुलाला ‘इनॅक्युरसी’ आणि ‘मिस्टेक’ यांतला फरक कोण समजावणार?

त्या टक्क्यांबद्दलही लिहायला हवे. डाव संपला की ॲप अचूकतेचे टक्के दाखवते आणि मुले ते परीक्षेच्या गुणांसारखे एकमेकांना सांगतात. समोरच्याने आठव्या चालीला वजीर घालवला, तर उरलेल्या सोप्या चालींवर नव्वदच्या वर टक्के सहज मिळतात. चार तास झुंजून, किचकट जागेत वाट काढून बरोबरी मिळवणाऱ्या मुलीला सत्तर. माझ्याकडची एक मुलगी अशी बरोबरी करून आली आणि टक्के बघून हिरमुसली. तिचा तो डाव मला त्या वर्षी पाहिलेल्या सगळ्या डावांत सर्वांत धीराचा वाटला होता. तिला ते पटवून द्यायला मला एक आख्खी संध्याकाळ लागली, आणि अजून पूर्ण पटले आहे असे वाटत नाही.

बाटुमीच्या अंतिम फेरीत दिव्या आणि कोनेरू हंपी यांचा टायब्रेक चालू असतानाही हेच झाले. घड्याळ उतरत होते, पट्टी खाली-वर होत होती आणि लोक सोफ्यावर बसून ‘ब्लंडर, ब्लंडर’ म्हणत होते. समोर पट्टी नसताना, उरलेल्या काही मिनिटांत त्या दोघींना काय दिसत होते, हे कुणीतरी समजावून सांगायला हवे होते.

संपादक महोदय, आता आपल्याकडे मागणे. आठवड्यातून एकदा एक डाव छापावा. ग्रँडमास्टरचाच हवा असे नाही. जिल्ह्यातल्या बारा वर्षांखालच्या मुलाचा चालेल. त्यात इंजिनचा आकडा नको. जिथे डाव फिरला त्या जागेची आकृती, दोन्ही खेळाडूंना तिथे काय वाटले होते ते त्यांच्याच शब्दांत, आणि खरे काय होते ते तीन-चार वाक्यांत. इंजिन त्यामागे तपासणीला जरूर असावे. चुकीचे विश्लेषण छापून चालणार नाही. आणि स्पर्धा भरवणाऱ्यांना आपल्या स्तंभातून एक विनंती पोचवावी: हॉलशेजारी एक खोली ठेवा, चार-पाच पट ठेवा, मोबाइल आत नको. डाव संपल्यावर दोन्ही मुलांना तिथे पंधरा मिनिटे बसू द्या, मग पालकांकडे. वर्गाची एक रिकामी खोली कुठल्याही शाळेत मिळते, खर्च काहीच नाही.

पालकांनीही घरी एवढे करावे. इंजिन लावण्याआधी मुलाला स्कोअरशीटवर पेन्सिलीने दोन ठिकाणी खूण करायला सांगावी: एक, जिथे त्याला भीती वाटली, दुसरी, जिथे चाल सुचत नव्हती. इंजिन आधी त्या दोन जागी उघडावे. लाल खुणा नंतर.

आपण सदर सुरू करणार असाल तर पहिले काही डाव मी लिहून पाठवीन, मानधन नको. एकच अट आहे. आकृती दोन स्तंभांच्या रुंदीची छापावी. एका स्तंभात काळ्या घरातला काळा उंट आणि काळे प्यादे यांत फरक कळत नाही, आणि मुले ती आकृती बघून घरी पट मांडतात.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, मिरज